त्रेचाळीस किलोची निलम

"सात जणांत तीन चहा, अन् बाकडी मात्र समदी पायजेत," गोजरबाई चुलीकडं तोंड करून पुटपुटली.

हे पुटपुटणं एकट्या संगिताला ऐकू गेलं, कारण ती गोजरबाईच्या खांद्याला खांदा लावून चुलीमागच्या पाटावर बसली होती. बाहेर बाकड्यांवर पुरुषमंडळी. बाईमाणसानं बाहेर बसून टीव्ही बघायचा म्हटलं की फाट्यावर आठ दिवस तोच विषय, म्हणून संगिता चुलीमागून बघायची. तिथून तिला पडद्याचा वरचा अर्धा भाग दिसायचा. क्रिकेटमध्ये डोकी दिसत, चेंडू दिसत नसे. कुणी चौकार मारला हे तिला बाकड्यांच्या आवाजावरून कळायचं.

साखरा फाट्यावरचं गोजरबाईचं हॉटेल म्हणजे चार पत्रे, सहा बाकडी आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा एक काळा-पांढरा टीव्ही. वीज असली तर विजेवर, नसली तर बॅटरीवर, पण सामना चुकायचा नाही. दोन हजार सालची ही गोष्ट. हिंगोली जिल्हा होऊन जेमतेम वर्ष उलटलं होतं, आणि नव्या जिल्ह्यात सगळंच नवीन सुरू होतं, म्हणून या मंडळींनीही एक मंडळ काढलं होतं. नाव ठेवलं, क्रीडाप्रेमी श्रोता मंडळ. मंडळाचं काम एकच. रेडिओवर खेळाचा जो कार्यक्रम लागे त्याला पोस्टकार्ड पाठवायचं, म्हणजे मग तिथली बाई सगळ्यांची नावं वाचून दाखवायची. आपलं नाव रेडिओतून ऐकायला मिळावं म्हणून मंडळातल्या ग्यानबानं एकदा पेरणी अर्ध्यावर टाकली होती.

संगिता या मंडळात कशी आली, तर नवऱ्यामुळं. नवरा वसराम हा एका शेठच्या धान्यखरेदीच्या दुकानात मापाडी, म्हणजे माल मोजून घेणारा, होता. हॉटेलच्या समोरच रस्त्यापलीकडं दुकान. दोघं राहायला मागच्या तांड्यावर. संगिता तांड्यावरची अंगणवाडी चालवायची, आणि पोरांना खिचडी वाढून झाली की पाणी भरायच्या निमित्तानं फाट्यावर यायची. निमित्त सगळ्यांना ठाऊक होतं. हॉटेलाला लागून असलेल्या हापशावर ती दोन घागरी भरायची आणि त्या दोन घागरी भरायला तिला पूर्ण डाव लागायचा.

सप्टेंबरात सिडनीहून बातमी आली. आंध्रातल्या एका बाईनं वजन उचलून पदक मिळवलं होतं. टीव्हीवर ते परत परत दाखवत होते, आणि त्या दिवशी संगिताला पहिल्यांदा चुलीमागून एक खेळ पुरता दिसला. वजन खाली असताना काही दिसलं नाही. मग पडद्याच्या खालून एक डोकं वर आलं, मग दोन हात, मग हातांवरची ती तबकडीची दांडी. संगिता घागर तिथंच विसरून घरी गेली.

विश्वंभर सर साखऱ्याच्या शाळेत खेळ शिकवायचे. शाळेत खेळाचं सामान म्हणाल तर एक व्हॉलीबॉल आणि त्याला फुगवायचा पंप, तोही हेडमास्तरांच्या सायकलीचा. सरांनी ठरवलं, आपल्या शाळेतून एक पोरगी वजन उचलायला जिल्ह्याला न्यायची. त्यांची नजर निलमवर गेली. निलम म्हणजे संगिता आणि वसरामची थोरली, आठवीत, तेरा वर्षांची. कुणाशी फार बोलायची नाही. पाटीभर शेण डोक्यावर असताना ओढा उडी मारून ओलांडायची, एवढीच तिची ख्याती.

"आधी मंडळाला विचारू," सर म्हणाले. लेकराच्या बाबतीत चारचौघांत विचारलेलं बरं. शिवाय पोस्टकार्ड पाठवायला विषयही मिळाला.

पोस्टकार्ड लिहायला बसले तर आधी नावं आणि धंदे. सरांनी ग्यानबाच्या नावापुढं शेती लिहिलं.

"शेती काहून लिवली?" ग्यानबा म्हणाला. "शेती काय कोणीबी करतं. माजी पैलवान लिवा."

"किती कुस्त्या मारल्या तुमी?"

"मारल्या न्हाईत, पण लंगोट हाय घरी."

सरांनी शेती खोडून 'शेती व लंगोट' असं लिहिलं नाही, हे त्यांचे उपकार. प्रेमदास साखऱ्याच्या खाजगी दवाखान्यात कंपाउंडर होता, त्यानं 'आरोग्य सेवा' लिहायला लावलं. रतनसिंग काळी-पिवळी जीप चालवायचा. तो म्हणाला, वाहतूक लिहा, ड्रायव्हर लिहिलं की पोलीस ऐकत असतात. वसरामनं आपलं सरळ 'मापाडी' सांगितलं. गोजरबाईनं आतूनच हॉटेल मालकीण असं ठणकावलं. सर सही करायला लागले तेव्हा चुलीमागून आवाज आला, "मला बी लिवा. अंगणवाडी कार्यकर्ती." बाकड्यांवरच्या माना चुलीकडं वळल्या. मग रतनसिंग म्हणाला, "लिवा की सर. तिच्या दोन घागरी समद्या सामन्याला हजर असत्यात."

प्रश्न लिहिला तो असा : लेकरांनी वजन उचलावे काय, कितव्या वर्षापासून, आणि किती.

महिन्यानं रेडिओवर त्यांचं पत्र लागलं. बाईनं सगळ्यांची नावं वाचली, गावासकट, धंद्यासकट. मग म्हणाली, या मंडळाच्या प्रश्नाचं उत्तर पुढं कधीतरी, आज वेळ संपली आहे. मंडळ खूश होतं. उत्तराची गरज कुणालाच वाटली नाही, कारण तोवर ज्यानं त्यानं ते देऊन टाकलं होतं.

ग्यानबाचं म्हणणं, "गोऱ्ह्याला दोन दात आल्याबिगर आमी जू ठेवत न्हाई मानेवर. आदी जुपला तर खांदा बसतो, मंग जलमभर तसाच. पोरीचं बी तसंच."

"तिला अठ्ठावीस दात हायत," संगिता आतून म्हणाली.

रतनसिंग म्हणाला, "माझी जीप नऊ शिटा पास हाय. मी एकोणीस बसवतो. खालचा स्प्रिंगचा पाटा मोडत न्हाई. पण वाकतो, अन् एकदा वाकला की कितीबी रिकामी चालवा, गाडी एका अंगाला चालती. म्या तर म्हंतो, उचलू द्या, पण शिटा मोजून."

प्रेमदास म्हणाला, लेकराच्या हाडाच्या टोकाला नरम जागा असते, तिथं धक्का बसला तर उंची थांबते. डॉक्टर असं म्हणाले होते की आपण स्वतः वाचलं होतं, हे त्यानं सांगितलं नाही.

"डोईवर तीन घागरी घेती तवा न्हाई इचारलं कोणी उंचीचं," गोजरबाई म्हणाली. यावर रतनसिंगनं चहा मागितला.

वसरामला विचारलं तेव्हा त्यानं आधी चहा संपवला. मग म्हणाला, "कंबर न्हाई वाकवायची. गुडघे वाकवायचे. पोतं अंगाला चिटकून वर आणायचं. बाकी आपल्याला काय म्हाईत?" सरांनी त्यांच्या पुस्तकात बघितलं तर तिथं नेमकं हेच, फक्त शुद्ध भाषेत. पुस्तकात आणखीही होतं. वजन थोडं, ढंग बरोबर, जवळ मोठं माणूस, आणि पोरगं दमलं की बंद. सरांनी ते मोठ्यानं वाचलं आणि ठरलं की निलमनं उचलायचं.

आता उचलायचं काय. दांडी म्हणून वसरामनं भरीव बांबू तासला, आणि वजनं दिली शेठनं. शेठ मनानं मोठा होता. दुकान बंद असायचं त्या दिवशी त्यानं वीस-वीस किलोची दोन लोखंडी मापं तांड्यावर न्यायला परवानगी दिली, आणि निळ्या रंगाचा ट्रॅकसूटही देऊ केला. मापांना वरून मूठ होती, तीत बांबू घालून दोरीनं आवळलं की झालं. निलम आधी रिकामा बांबू उचलायची, मग दोन्हीकडं विटा बांधून. पहिले दीड महिने सरांनी तिला मापांना हात लावू दिला नाही.

उचलायचं ते एक झालं, आणि मोजायचं ते दुसरं. स्पर्धेत पोरींचे वजनावर गट होते. सर म्हणाले, "चव्वेचाळीस किलोच्या आतला गट आपल्याला सोपा. वरच्या गटात हिंगोलीची पोरगी हाय, तिचा बाप पोलिसात, तिला खरी दांडी हाय घरी. पण एक ध्यानात घ्या. तिथं आधी पोरीला काट्यावर उभी करतात. फॉर्मावर लिहिलेल्या गटाच्या वर तोळाभर जरी भरली, तर उचलू देत न्हाईत. उभ्या उभ्या वापस."

मग निलमला मोजायचं ठरलं, आणि मोजायला शेठच्या काट्याशिवाय दुसरा काटा कुणाच्या मनातही आला नाही. दिवाळीनंतरचे दिवस. सोयाबीन येऊन पडत होतं. तिवईला टांगलेला मोठा तराजू, एकेक पारडं लहान बाजेएवढं. ग्यानबाची पोती त्याच दिवशी मोजून झाली होती. वसराम पहिल्या मापाला एक म्हणायचा नाही, रीतीप्रमाणे लाभ म्हणायचा, मग दोन, मग तीन. ग्यानबाच्या घरी जे आठ क्विंटल होतं ते दुकानावर साडेसातला जरा वर भरलं.

"वाळलं," ग्यानबा म्हणाला. "वाटंत घट येतीच."

"येतीच," रतनसिंग म्हणाला. ज्याच्या त्याच्या मालाला फाट्यापर्यंत येईतो घट यायची. ऊन असलं तरी यायची, पाऊस असला तरी यायची. दुसरं दुकान तीस किलोमीटरवर, आणि शेठ बोलायला गोड.

निलम पारड्यात मांडी घालून बसली. वसरामनं समोर वीसची दोन मापं टाकली, पारडं हललं नाही. दोनचं टाकलं, जरा उचललं. एकचं टाकलं, काटा सरळ उभा राहिला.

"त्रेचाळीस," वसराम म्हणाला, आणि सरांनी वहीत लिहिलं. एक किलोची मोकळीक होती. मंडळानं त्याच जागी ठरवलं की पोरीला आता खाऊ घालायचं. गोजरबाई रोज एक ग्लास दूध देणार, ग्यानबा शेंगदाणे देणार. रतनसिंग सेनगावहून अंडी आणणार, आणि घरात अंडं न चालणाऱ्या आपल्या आईला हे सांगू नका म्हणाला.

पुढच्या आठवड्यात अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका येणार होत्या. संगिताजवळ सरकारी काटा होता, तुळईला टांगायचा, घड्याळासारखा गोल, खाली झोळी. झोळीत लेकरू बसवलं की काटा फिरायचा. पंचवीस किलोपर्यंत मोजायचा, कारण त्याहून जड लेकरू अंगणवाडीत येत नसे. प्रशिक्षणात सांगितलं होतं की काटा बरोबर आहे की नाही ते महिन्यातून एकदा ओळखीचं वजन लावून बघावं. संगिता नियमानं चालणारी बाई. दुकान बंदचा दिवस होता आणि शेठची मापं अंगणात पडली होती. तिनं एक उचलून आकड्याला टांगलं.

काटा वीसवर गेला, आणि पुढं जाऊन एकवीसवर थांबला.

ती म्हणाली, बिघडला. पर्यवेक्षिका ओरडणार. दुसरं माप टांगलं, तेही एकवीस. मग तिला प्रशिक्षणातली दुसरी गोष्ट आठवली, की लिटरभर पाणी म्हणजे एक किलो. तिनं बादली आधी रिकामी टांगली, आकडा लिहून घेतला, मग लिटरच्या बाटलीनं मोजून दहा लिटर पाणी ओतलं. काटा बरोबर दहा किलो पुढं गेला. पाणी हापशाचं होतं, कुणाच्या दुकानातलं नव्हतं. तिनं ते माप उलटं करून बघितलं. बुडाशी भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं, त्यावर सरकारी छाप असतो. इथं शिसं बरंच होतं आणि छाप नव्हता.

संगितानं चुलीजवळ बसून हिशेब केला. वीसचं एकवीस, दोनदा. म्हणजे त्रेचाळीस नव्हे, पंचेचाळीस. एक किलो आत नव्हे, एक किलो वर. हिंगोलीच्या काट्यावर निलम उभी राहणार, आणि उभ्या उभ्या वापस येणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसराम आरशात बघून भांग पाडत होता तेव्हा ती म्हणाली, "आवो, शेठचं वीसचं माप एकवीस भरतं."

त्याचा कंगवा थांबला नाही. "मापं शेठची हायत. मी खालवर करतो."

"तुमाला ठावं होतं?"

"हाताला कळतं. पयल्याच दिवशी कळलं."

"मंग बोलला न्हाई काहून?"

"कोणी इचारलं न्हाई." त्यानं कंगवा खिडकीत ठेवला. "अकरा वर्सं झाली, संगे. आदी ट्रक भरायचो, पाठीचं कातडं जायचं. आता सावलीत बसून माप टाकतो. तांड्यातलं पयलं माणूस हाय मी काट्यावर बसणारं. अन् ग्यानबाच्या तोंडावर कसं सांगू? त्याच्यासंगं रोज चहा पितो मी."

संगितानं त्याच्याजवळ पुन्हा विषय काढला नाही. ती काही फार धीराची बाई नव्हती, आणि धीर नसला तरी माणूस काहीतरी मार्ग काढतंच. तिनं जो काढला तो असा. कुणाला काही सांगायचं नाही. निलमचं वजन दोन किलो उतरवायचं. म्हणजे हिंगोलीचा काटा चव्वेचाळीसच्या आतच दाखवील, शेठचं माप शेठपाशी राहील, आणि वसराम सावलीत.

रोज सकाळी ती अंगणवाडीत आयांना समजावून सांगायची की वाढत्या लेकराच्या ताटात वरण हवं, पालेभाजी हवी, भाकर मोजून देऊ नका. आणि दुपारी घरी येऊन निलमच्या ताटात मोजून एक भाकर ठेवायची. दूध तिनं धाकट्याला पाजलं. ग्यानबाचे शेंगदाणे डब्यात ठेवून डबा फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवला, जिथं निलमचा हात सहज पोचत होता, हे तिला उशिरा सुचलं. पण निलमनं डब्याला हात लावला नाही. डबा सरांसाठी राखून ठेवला आहे असं काहीतरी तिनं मनात धरलं असावं.

"याडी, अजून दे की," पहिले दोन दिवस ती म्हणाली. घरात मायलेकींची बोली बंजारी होती, आईला याडी.

"खेळाडूनं हलकं खावं," संगिता म्हणाली. तिसऱ्या दिवसापासून निलमनं मागितलं नाही. ते जास्त वाईट होतं.

मधे एकदा संगितानं हॉटेलात विषय काढून बघितला. चुलीमागूनच म्हणाली, "पोरीला एकदा दवाखान्यातल्या काट्यावर बी उभी करावं काय? खात्री होती."

प्रेमदासनं बशी खाली ठेवली. "आमच्या काट्यावर काय येगळं येणार? तो मी शेठच्या काट्याशी जुळवून ठेवला हाय."

"जुळवून?"

"लोक भांडायचे ना. दुकानावर पासष्ट भरणारा माणूस आमच्याकडं अडुसष्ट भरायचा. म्हणायचे, तुमी औषधं खपवायला वजन वाढवता. डाक्टरसाहेबांला तकलीफ. मंग मीच एक दिस खालचा स्क्रू पिळला अन् शेठशी बराबर करून टाकला. तवापासून कोणाची तक्रार न्हाई."

ग्यानबानं तंबाखू मळायला घेतली आणि गरजेपेक्षा जास्त मळली. रतनसिंगनं जीपला पाणी दाखवायचं राहिलं म्हणून उठून बघितलं. वसराम दुकानाकडं बघत होता, जिथं त्या वेळी कुणीही नव्हतं. संगिताला त्या दिवशी कळलं की आपण हिशेब करून जे शोधलं ते इथं प्रत्येकाच्या खिशात केव्हाचं आहे. एकट्या विश्वंभर सरांना तेवढं नव्हतं. ते मूळचे कळमनुरीकडचे, आणि त्यांच्याकडं विकायला माल नव्हता.

पंधरा दिवसांत निलमच्या गालाची हाडं दिसायला लागली. ट्रॅकसूट आला तो सैल झाला. आधी जे वजन ती छातीवर घेऊन सरळ वर लावायची, ते आता छातीवर येऊन थांबायचं. शनिवारी तर माप एका बाजूनं कललं आणि सरांनी धावत जाऊन बांबू धरला. निलम खाली बसली आणि बराच वेळ उठली नाही. "चक्कर आली काय?" तर म्हणाली नाही. "दुखतं काय?" तर म्हणाली नाही.

फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस सोमवार. सकाळी अकराच्या सुमाराला सर फॉर्म घेऊन हॉटेलात बसले. निलमला त्यांनी शाळेतून बरोबर आणली होती. ती बाकड्याच्या टोकाला, ट्रॅकसूटच्या बाह्या हातावर ओढून. फॉर्मावर नाव लिहून झालं होतं, जन्मतारीख लिहून झाली होती. वजनाची चौकट रिकामी होती. संगिता हापशावर घागर लावून आली होती, पण आज चुलीमागं गेली नाही. पत्र्याच्या खांबाला टेकून बाहेरच उभी राहिली.

"मला समजंना," सर म्हणाले. "पोरगी महिन्याखाली अशी हलकी उचलायची. आता हिला घेऊन जाऊ का नको, तुमीच सांगा. काही झालं तर मी काय तोंड दाखवू?"

"म्या आदीच म्हणलं व्हतं," ग्यानबा म्हणाला. "खांदा बसला. गोऱ्हा लवकर जुपला की असंच."

"पाटा वाकला," रतनसिंग म्हणाला.

"ह्या वयात पोरींचं अंग बदलतं," प्रेमदास म्हणाला, आणि निलमची नाडी हातात घेतली. त्याला नाडी बघता येत होती की नाही देव जाणे, पण तो मनातल्या मनात मोजत होता खरा. "डोळे पांढरे हायत. काय खाल्लं सकाळी?"

निलमनं आईकडं बघितलं. "खाल्लं."

"काय खाल्लं?"

"भाकर. दूध. शेंगदाणे." तिनं मंडळानं दिलेल्या सगळ्या वस्तू क्रमानं सांगितल्या, अंड्यासकट. रतनसिंग खुशीनं मान डोलवायला लागला. दूध गोजरबाईचं होतं, आणि तिचा चेहरा जरा समाधानी झाला.

संगिता खांबापासून सुटी झाली. तिला वाटलं होतं की पोरगी गप्प राहील. खोटं बोलेल, आणि तेही आईला सांभाळून घ्यायला, हे तिनं धरलं नव्हतं.

"लबाड बोलून राहिली ती," संगिता म्हणाली. "काही खाल्लं न्हाई तिनं. म्या देत न्हाई. दुपारी एक भाकर, राती अर्धी. पंधरा दिस झाले. दूध धाकटा पितो."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. तो जाईपर्यंत कुणाला बोलायची गरज नव्हती, पण ट्रक लवकर गेला.

"बाई, तुमी?" सर म्हणाले. "तुमी तर अंगणवाडीच्या."

"व्हय. मीच."

"पोटच्या पोरीला?" गोजरबाई हातात गाळणी घेऊन पुढं आली. तिच्या आवाजात राग नव्हता, समजून घ्यायची घाई होती. "अगं पण काहून?"

ग्यानबानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. प्रेमदासच्या हातात निलमचा हात तसाच होता आणि तो आता मोजत नव्हता. सरांनी पेन उघडं धरलं होतं आणि ते एकेकाच्या तोंडाकडं बघत होते, आणि एकेक तोंड दुसरीकडं वळत होतं. संगिताजवळ उत्तर होतं. पण ते तिनं दिलं तर ते तिच्या नवऱ्याच्या ताटातून काढून दिल्यासारखं झालं असतं, आणि गेले पंधरा दिवस ती एका ताटातलं दुसऱ्यात टाकून दमली होती. ती निलमच्या शेजारी जाऊन बसली, बाहेरच्या बाकड्यावर, पहिल्यांदाच.

"बरं, राहू द्या," सर शेवटी म्हणाले. "निदान वजन तरी लिहितो. त्रेचाळीस होतं, त्याच्या खालीच असेल आता." त्यांनी चौकटीत चार टेकवला.

रस्त्यापलीकडून वसराम केव्हा आला ते कुणी बघितलं नव्हतं. पोती ओढायची लोखंडी आकडी त्याच्या हातात होती. बाकड्यांच्या जरा अलीकडं, जिथं ऊन संपून पत्र्याची सावली सुरू होते, तिथं तो उभा होता. त्यानं आधी निलमच्या मनगटाकडं बघितलं, मग ग्यानबाकडं, आणि मग मापं मोजताना लावायचा त्याचा जो सपाट आवाज होता त्याच आवाजात म्हणाला,

"सर, ते लिवू नका. पोरीला पोटभर जेवू द्या अन् वरच्या गटात घाला. शेठचं वीसचं माप एकवीस किलोचं हाय."